सटवाची हाक

फार वर्षांपूर्वी, नबाबाचं राज्य नुकतंच मोडलं होतं आणि बालाघाटाच्या डोंगरात मोटारीचा रस्ता अजून पोचला नव्हता, तेव्हा हिंगणदऱ्यात हे घडलं. हिंगणदरा म्हणजे एक चावडी, देशमुखांचा वाडा आणि थोडी घरं. बाकीची माणसं डोंगराच्या कुशीत लांबलांब वस्त्या करून राहायची. एका वस्तीवर कोणी मेलं, तरी दुसऱ्या वस्तीला दोन दिवस पत्ता लागत नसे.

त्या गावात सटवा लिंबाजी नावाचा हलगीवाला होता. दवंडी द्यायचं काम त्याचं. तो ओरडला की पलीकडच्या डोंगरावर चरणारी गुरं माना वर करायची, असं म्हणतात. पटकीची साथ आली, सटवानं सांगितलं. नबाबाचं राज्य गेलं, तेही सटवानंच सांगितलं. गावाला पेपर ठाऊक नव्हता, सटवा ठाऊक होता. सटवा म्हणाला म्हणजे ते खरंच.

एके दिवशी घोड्यावरून एक अंमलदार आला. चावडीत बसून म्हणाला, "येत्या बुधवारी मतदान आहे. घाटाखालच्या पेठेतल्या शाळेत. बाई असो, बाप्या असो, गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांनी यायचं. दवंडी द्या." एवढं सांगून तो पुढच्या गावाला गेला.

घोड्याची धूळ बसायच्या आत देशमुखांनी सटवाला बोलावून घेतलं. त्यांचा मेहुणा निवडणुकीला उभा होता. त्यानं वस्त्यांचं गायरान कुंपण घालून बळकावलं होतं. वस्त्यांची माणसं पेठेत उतरली, तर त्याचं काही खरं नव्हतं.

देशमुख म्हणाले, "गावात बुधवार सांग. वस्त्यांवर बेस्तरवार सांग."

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. तोवर पेट्या बंद होऊन गेलेल्या असणार.

सटवा हात जोडून म्हणाला, "मालक, म्या आजपतूर खोटी दवंडी दिली न्हाई."

"दवंडी सांगणाऱ्याची असती, सटवा. तू नुसतं तोंड हायेस. तोंडानं इचार करू नये. तुझ्या गोदीचं लगीन ठरलंय म्हनं? मांडव वाळल्या पाल्याचा असतो. जपून ऱ्हा."

सटवाला एकुलती एक पोर होती. त्यानं मान खाली घातली.

सोमवारी तो वस्त्यावस्त्यांतून हिंडला. "ऐका हो ऐका! येत्या बेस्तरवारी पेठेत मतदान हाय हो!" माणसं दारात येऊन ऐकत होती. शेवटच्या वस्तीवर भिवराई नावाची म्हातारी राहायची. कमरेत वाकलेली, एका डोळ्यानं आंधळी. तिनं सटवाला गूळपाणी दिलं आणि ती म्हणाली, "लई उपकार झाले रं बाबा. माज्या जल्मात मला कुनी कंदी काय इचारलं न्हाई. लगीन करू का म्हनून इचारलं न्हाई, रान इकू का म्हनून इचारलं न्हाई. आता सरकार इचारतंय म्हनं. बेस्तरवारी डोई धुऊन येते बघ."

सटवानं गूळ तोंडात न घालता मुंडाशाच्या शेवात बांधला. घरी आला आणि भाकरीचं ताट बाजूला सारलं. बायकोनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "तिनं मला गूळ दिला."

मंगळवारी उन्हं कलताना त्यानं बायकोला गोदीसकट तिच्या माहेरी धाडून दिलं, हलगी गळ्यात घातली आणि पुन्हा डोंगर चढायला लागला. पहिल्याच वस्तीवर ओरडला, "ऐका हो ऐका! काल म्या खोटं बोललो हो! मतदान उद्याच हाय, बुधवारी!"

दुसऱ्या वस्तीच्या वाटेवर देशमुखांच्या माणसांनी त्याला गाठलं. आधी त्यांनी विळ्यानं हलगी फाडली. मग त्याचे दोन्ही हात खडकावर धरले आणि वरून धोंडे घातले. "आता वाजीव," असं म्हणून त्याला बाभळीच्या ओघळीत ढकलून दिलं आणि हसत खाली उतरले.

ते गेले, पण सटवा मेला नव्हता. हात निकामी झाले होते, म्हणून तो कोपरांवर सरपटत चढला. तांबडं फुटायच्या वेळी घारीच्या कड्यावर पोचला. तिथून साऱ्या वस्त्या दिसतात. तिथं तो उभा राहिला आणि त्यानं हाक घातली.

त्या हाकेचं आजही सांगतात. वारा थांबला होता, असं म्हणतात. तान्ही पोरं जागी झाली, पण रडली नाहीत. जन्माचा बहिरा दगडू धनगर खाटेवरून उठून बसला आणि म्हणाला, "मला कोन बलावतंय?" कारण सटवानं नुसती दवंडी दिली नव्हती. तो एकेका माणसाचं नाव घेत होता. दार दार, चूल चूल आठवून. "दगड्या, ऊठ! आज हाय! राधे, ऊठ! आज हाय!" नावागणिक त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं, सटवा आपल्याच उंबऱ्यात उभा आहे. सगळ्यात शेवटी त्यानं भिवराईचं नाव घेतलं. त्या नावावर त्याचा आवाज गेला, तो कायमचा.

वस्त्या कड्यावर धावल्या. भिवराई ओल्या केसांनी आली. कुणीतरी घोंगडीची झोळी केली, सटवाला तिच्यात घातलं आणि सगळे घाट उतरू लागले. घाटाच्या तोंडाशी देशमुखांची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी होती. पुढं झोळी, तिच्यातून थेंब थेंब गळणारं रक्त, मागं मुकाट चालणारा डोंगर. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. कुऱ्हाडवाले म्हणाले नव्हते बाजूला होऊ, पण त्यांचे पाय आपोआप मागं सरले, असं म्हणतात.

शाळेत टेबलामागं एक साहेब बसला होता. झोळी दारात टेकली. साहेबानं विचारलं, "नाव?"

सटवानं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"नाव सांगितल्याशिवाय कागद मिळणार नाही."

सटवानं पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, नुसती हवा आली. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची हाक घातली, त्याला स्वतःचं नाव उच्चारता येईना. तेव्हा मागून भिवराई ओरडली, "सटवा!" आणि मग सगळी रांग ओरडली, "सटवा लिंबाजी!" शाळेची कौलं थरथरली, असं म्हणतात. साहेब उभा राहिला आणि त्यानं कागद पुढं केला.

बोटं नव्हती धरायला. सटवानं कागद दातांत धरला, गुडघ्यांवर पेटीपर्यंत गेला आणि पेटीत सोडला.

बाहेर भिंतीला टेकून तो बसून राहिला. एकेक माणूस आत जात होतं, बाहेर येत होतं, तो बघत होता. भिवराई सगळ्यात शेवटी गेली. ती बाहेर आली तेव्हा सटवाचे डोळे दाराकडं उघडे होते, पण त्यात सटवा नव्हता.

त्या दिवशी त्याची झोपडी जाळली गेली. देशमुखांचा मेहुणाच निवडून आला, कारण आजूबाजूच्या गावांतही बेस्तरवारच सांगितला होता आणि तिथं कड्यावर चढणारं कुणी नव्हतं. गायरानाचं कुंपण आणखी दहा वर्षं तसंच राहिलं. गोदीचं लग्न बापाविना झालं. हे सगळं खरं आहे आणि ते कुणी लपवत नाही.

पण पुढच्या खेपेला मतदानाच्या पहाटे घारीच्या कड्यावर बायका चढल्या, पुढं भिवराई. त्यांनी एकेका घराचं नाव घेऊन हाक घातली. त्यानंतरच्या खेपेला पलीकडच्या गावांतली माणसं आपापल्या टेकड्यांवर चढली. त्या वर्षी मेहुणा पडला आणि कुंपण निघालं.

आता हिंगणदऱ्याला रस्ता आहे, घरोघर फोन आहेत. तरी मतदानाच्या दिवशी गावात भोंगा लागत नाही आणि हलगी वाजत नाही. पहाटे कड्यावरून माणसाच्या गळ्यानंच हाक येते, आणि हाक आली की घरातून ओ द्यावी लागते. ज्याला चालवत नाही, त्याला घोंगडीच्या झोळीतून नेतात. शाळेचं दार उघडलं की पहिल्या मताआधी गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस मोठ्यानं म्हणतं, "सटवा लिंबाजी!" आणि सगळी रांग एका आवाजात ओ देते.

नवा साहेब असला तर दचकतो. कागद चाळत विचारतो, "कोण हा सटवा? हजर आहे का?"

रांगेतून उत्तर येतं, "आमी आलोय न्हवं, साहेब? मग त्यो हायच की."