रंगवलेलं चाक

समुद्रकाठच्या एका गावात एक अणुवीजघर होतं आणि त्या वीजघरात केतकी नावाची एक इंजिनीअर होती. काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का, हे पाहायला ती जिन्यावरून तीनदा परत फिरायची. नवरा म्हणायचा, "तुझ्या भरवशावर सगळं गाव निवांत झोपतं आणि तुझ्यामुळे घरात मला झोप नाही." केतकीलाही वाटे, आपण जरा अतीच करतो.

तिच्याकडे काम होतं हौदाचं. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन म्हणजे चुलीतली राख नव्हे. राख घटकाभरात निवते. हे इंधन भट्टीतून काढलं तरी वर्षानुवर्षं तापतच राहतं. म्हणून ते सात पुरुष खोल हौदात, पाण्याखाली ठेवतात. पाणी त्याला गार ठेवतं आणि त्याच्यातून निघणारे घातक किरणही अडवतं. पाणी आहे तोवर ते गरीब गाईसारखं. पाणी सरलं, तर गावाला घरदार सोडून पळायची वेळ. हौदाची भिंत दीड मीटर जाडीची होती. भूकंपातही तिला तडा जाणार नाही, असं गणित मोठमोठ्या जाणकारांनी मांडून ठेवलं होतं.

एका रविवारी केतकी तिच्या तीन वर्षांच्या ओवीला टबात बसवून अंघोळ घालत होती. ओवीला लहर आली. ती टबात बसल्या बसल्या पुढे-मागे झुलू लागली. पाणीही तिच्याबरोबर झुलू लागलं आणि चौथ्या झोक्याला अर्धा टब फरशीवर आला. टब फुटला नव्हता. उलटला नव्हता. जागचा हललाही नव्हता.

केतकी हातात साबण धरून तशीच बसून राहिली. "आई, डोळ्यात फेस!" ओवी ओरडली, तेव्हा कुठे ती भानावर आली.

भिंत टिकेल, पण पाणी टिकेल का? आणि सांडलंच, तर परत कुठून यायचं? उत्तर तिला पाठ होतं. वीज गेली, जनरेटर बंद पडला, तरी डोंगरावरच्या टाकीतून पाणी आपल्या वजनानं खाली उतरेल. फक्त हौदाशेजारचं लाल चाक हातानं फिरवायचं. मात्र टाकीचं पाणी हौदाच्या शुद्ध पाण्यात मिसळलं, तर ते पुन्हा शुद्ध करायला आठवडा जाई. म्हणून ते चाक कधी कुणी फिरवत नसे. दर महिन्याला वहीत लिहायचं, 'चाक पाहिले, ठीक', आणि खाली सही करायची. गेली चार वर्षं ती सही केतकीची होती.

घरचं गॅसचं बटण तीनदा. आणि हे चाक एकदाही नाही! तिला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हौदाकडे गेली. खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी वीजघरात यंत्रांची पूजा असे, आणि लाल चाकाचा मान पहिला. तांडेलमामा, तिथले जुने मेस्त्री, डबा आणि ब्रश घेऊन चाकाला नवा रंग द्यायला बसलेच होते.

"मामा, थांबा. आधी हे फिरवून बघू. टाकीजवळचा व्हॉल्व्ह मी बंद करून आलेय. थेंबभर पाणी यायचं नाही."

"देवाला कुणी फिरवून बघतं काय, बाय?" मामा हसले. "त्याला नवरदेवासारखा सजवायचा. अठरा वर्षं सजवतोय मी."

केतकीनं चाकाला हात घातला. चाक हललं नाही. मामांनी पुढे होऊन जोर लावला. मग दोघांनी मिळून लावला. लाल रंगाचा एक पापुद्रा तेवढा सुटून खाली पडला. त्याच्याखाली पुन्हा लालच रंग होता, आणि त्याच्याखालीही. अठरा वर्षांचा रंग आट्यांत भरून चाक दगडासारखं बसलं होतं.

मामांनी रंगाच्या डब्यावर झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "इथं आपण दोघंच आहोत. दिवाळी झाली की गुपचूप सोडवू. सांगायला गेलीस तर पहिली तूच अडकशील. वहीत सही कुणाची आहे?"

ते खरंच होतं. पुढच्या आठवड्यात केतकीच्या बढतीची मुलाखत होती. पण हौदापासून कॉलनीची बालवाडी अर्ध्या कोसावर होती, आणि त्याच्या पलीकडे सगळं गाव. दिवाळीपर्यंत जमीन हलणार नाही, याची सही कोण देणार?

ती वीजघराचे प्रमुख सामंतसाहेब यांच्या खोलीत गेली. "सर, लाल चाक फिरत नाही. चार वर्षं मी 'ठीक' लिहितेय. न फिरवता."

साहेब पूजेच्या निमंत्रणपत्रिकांवर नावं घालत होते. "आणि हे आज आठवलं तुम्हाला? परवा पाहुणे यायचेत. त्यांच्यासमोर काय, चाक उघडं पाडून ठेवू? अहो, भिंत आहे ना भक्कम!"

"भिंत राहील, सर, पण पाणी..." म्हणत केतकी घाईनं पुढे झाली आणि तिचा धक्का लागून टेबल जोरात हललं. काठोकाठ भरलेल्या ग्लासातलं पाणी उसळलं आणि पत्रिकांवर सांडलं. केतकी शरमेनं लाल झाली. "सॉरी, सर!" म्हणत ती ओढणीनंच टेबल पुसायला लागली.

साहेब ग्लासाकडे बघत होते. ग्लास उभाच होता. त्याला ओरखडाही नव्हता.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"तीन दिवस."

"लागा कामाला. आणि या चुकीबद्दलचा शेरा तुमच्या फाइलमध्ये जाणार, हे लक्षात ठेवा."

शेरा गेला. बढती गेली. मामांनी तारेच्या ब्रशानं रंग खरवडला, डिझेल घालून आटे भिजवले. खंडेनवमीला पाहुण्यांसमोर चाक काळंकुट्ट आणि ओशट होतं. "नवरदेव अंघोळ न करताच बोहल्यावर!" मामा पुटपुटले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चाक कुरकुरत फिरलं. सव्वीस फेरे. तेव्हापासून वहीतला 'पाहिले' हा शब्द खोडून केतकीनं 'फिरवले' असा केला, आणि दर महिन्याला टाकीजवळचा व्हॉल्व्ह तेवढ्यापुरता बंद करून मामांकडून सव्वीसच्या सव्वीस फेरे करून घेतले. लोक म्हणत, "केतकीबाईंचं व्रत आहे ते. उद्यापन कधी?"

उद्यापन माघात झालं. भर दुपारी जमीन हलली. अणुभट्टी जशी थांबायला हवी तशी आपोआप थांबली. भिंतीला तडा गेला नाही. जाणकारांचं गणित बरोबर निघालं. पण हौदातलं पाणी एकदा या काठाला, एकदा त्या काठाला चढलं आणि हातभर पाणी बाहेर गेलं. सांडलेलं पाणी खालच्या मजल्यावर उतरून जनरेटरच्या पेटीत शिरलं. बाहेरची वीज तर आधीच गेली होती. हौदाचं पाणी गार करणारे पंप थांबले.

हौद लगेच उकळत नाही. दोन-तीन दिवस हातात असतात. पण गावाचा पूल खचला होता आणि वीज यायला पुढे पाच दिवस लागले. तेवढे दिवस हौदातलं आटणारं पाणी भरून काढायला ते लाल चाकच होतं.

केतकीचा जीव बालवाडीत होता. फोन लागत नव्हता. पाय दाराकडे ओढ घेत होते, पण ती हौदाच्या काठाशी उभी राहिली, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवर टॉर्च धरून. "मामा, फिरवा."

चाक फिरलं. पाईपात घुर्र झालं, आणि डोंगरावरचं पाणी हौदात कोसळू लागलं. पाणी खुणेला लागेपर्यंत केतकी हलली नाही. मग पाळीवरची माणसं आली, त्यांच्या हाती टॉर्च देऊन ती जी पळत सुटली, ती बालवाडीच्या मैदानातच थांबली. मुलं बाईंभोवती गोल करून बसली होती. ओवी बिस्कीट खात होती.

"आई, जमीन झुलली!"

"हो गं."

"तुझ्या टबातलं पाणी सांडलं?"

"सांडलं," केतकी म्हणाली, आणि तिला उचलून घेतलं. "पण परत भरलं."

पुढच्या खंडेनवमीला मामा रंगाचा डबा घेऊन आले नाहीत. चाकावर जिथं जिथं हात पडत, तिथला लोखंडाचा भाग उघडा पडून गुळगुळीत झाला होता. मामांनी आधी सव्वीस फेरे फिरवले, मग हार घातला. फाइलमधला शेरा मात्र अजून तसाच आहे. केतकी गॅस बघायला अजूनही तीनदा परत फिरते. नवरा आता खाली उभा राहून मुकाट वाट बघतो.

तात्पर्य: संकटासाठी राखलेली वस्तू नुसती सजवून आणि बघून ठेवू नये, बऱ्या दिवसांतच हातानं चालवून पाहावी, आणि ती चालत नसेल, तर आपली सही आड येऊ न देता, जमीन हलायच्या आधीच तसं सांगावं.