दोन बोलींतला धोका

“दरवर्षी जो बुडतो, त्याच्यावर ‘धोका’ नाही लिहायचं, तर कुठे लिहायचं, बाबा?”

विचारणारा यशोधन बारसागडे, सरकारी अभियंता. हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश. समोर नदीवरचा जुना रपटा, म्हणजे पाण्याच्या जेमतेम वर असलेला ठेंगणा पूल. त्यावर त्याने नुकतंच ठळक अक्षरांत ‘धोका’ लिहिलं होतं.

काठावर बसलेले गुलाबशाह फकीर ते वाचून हसले होते, म्हणून हा प्रश्न. लहानपणी आईने यशोधनला त्यांच्या पायांवर घातलं होतं. तेव्हापासून तो त्यांना गुरू मानायचा. मानायचा, पण ऐकायचा नाही.

“लिही ना, मी कुठं नाही म्हणतो? पण आमच्या बोलीत धोका म्हणजे दगा. या बिचाऱ्यानं कोणाला दगा दिला, म्हणून हसू आलं.”

“मराठीत धोका म्हणजे संकट, बाबा.”

“असंल…”

पावसाळा तोंडावर आला होता. अडलेल्या बायांना दवाखान्यात नेणारी गाडी पुराच्या दिवसांत कोणत्या रस्त्याने जाईल, हे आजच यशोधनला ठरवायचं होतं. त्याचं तर ठरलेलंच होतं. थोडं वर त्याने स्वतः बांधलेला नवा उंच पूल होता.

“गेल्या पुरात हा रपटा पार बुडाला. माझ्या पुलाच्या पोटालाही पाणी लागलं नाही!”

“चाल, दाखव.”

पूल खरंच देखणा होता. फकिरांनी कठड्यावरून मायेने हात फिरवला.

“चांगला बांधला, बेटा.”

यशोधन फुलून गेला.

“पलीकडं काय हाय?”

“पलीकडे रस्ता. पण तो माझ्याकडे नाही, दुसऱ्या खात्याकडे आहे.”

“असं? पाण्याला कळवलं का हे?”

यशोधनला हे काही आवडलं नाही. तरी तो मागोमाग गेला. पूल संपला आणि रस्ता उतरत उतरत धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये शिरला. सगळ्यात खोलगट जागी फकीर रस्त्यावरच मांडी घालून बसले. त्यांनी नुसतं बोट वर केलं.

कडेच्या बाभळीला गेल्या पुराचा वाळका काडीकचरा अडकला होता. यशोधनने टाचा उंचावून हात वर केला. हात पोचला नाही.

…

म्हणजे पुरात इथे डोक्यावरून पाणी गेलं होतं. उंच पूल कोरडा पाहून गाडी बिनधास्त पुढे आली असती. आत बाई कळा देत असती, आणि गाडी उतरली असती ती इथे.

“बाबा… गाडी टेकडीच्या रस्त्याने पाठवतो. लांब पडेल, पण पोचेल.”

“पोचू दे.”

दोघे परत निघाले. यशोधनला आता अगदी हलकं वाटत होतं. रपट्यापाशी येऊन त्याने रंगाचा डबा उचलला.

“मग हे पुसून टाकू?”

“काहून? पाणी आलं का तो बुडते, माणूस अल्याड थांबते. तुझ्या मराठीत बरोबर लिवलं.”

“आणि माझ्या पुलावर काय लिहू?”

फकिरांनी झोळी खांद्याला अडकवली.

“त्याच्यावरबी धोकाच लिही, बेटा. आमच्या बोलीतला.”