नंबरावरची पट्टी

एका पेठेच्या गावात नेमिनाथशेठ नावाचे तपकिरीचे दुकानदार होते. तपकीर अव्वल, पण स्वभाव महासंशयी. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. शेठजींचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पीत. देवळात गेले तरी अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांवर.

त्यांच्या वडिलांची, म्हणजे आण्णांची, एक जुनी मोटारसायकल होती. आण्णा आता काठी टेकत चालत. त्यांची एकच इच्छा उरली होती. लेकानं गाडी नीट करावी आणि मागे बसवून एकदा थोरल्या बहिणीच्या गावाला न्यावं.

शेठजींनी गाडी खोलून घेतली आणि गंजलेली फ्रेम इलाही शिकलगाराच्या कारखान्यात नेली. इलाही पावडर कोटिंग करी. आधी वाळूचा मारा करून जुना रंग नि गंज उडवायचा. मग रंगाची कोरडी पूड फवारून फ्रेम भट्टीत भाजायची. असा रंग वर्षानुवर्षं हलत नाही.

शेठजी तिथंच ठाण मांडून बसले. इलाहीनं बोल्टांच्या आट्यांत रबराची बुचं बसवली, वाळूनं आटे झिजू नयेत म्हणून. शेठजींना वाटलं, हा आत काय दडवतोय? मग इलाहीनं फ्रेमवर ठोकलेल्या चासी नंबरावर जाड पट्टी चिकटवली आणि कडा अंगठ्यानं दाबून दाबून बसवल्या.

"नंबर का झाकलास रे?" शेठजींनी विचारलं.

"जुना ठोका आहे शेठ, उथळ. वाळू लागली तर पुसला जाईल. पट्टीला तेवढा हात लावू नका."

हात लावू नका म्हणे! आता शेठजींना कसली झोप नि कसली भूक. नंबर झाकायचा, आपली फ्रेम गायब करायची आणि भंगारातली गळ्यात मारायची, असा सगळा कट त्यांनी मनातल्या मनात रचून टाकला, इलाहीच्या वाटचासुद्धा.

इलाही चहाला गेला, की शेठजी नखानं पट्टी उचकटत, नंबर वाचत आणि पट्टी परत चिकटवत. नंबर तोच असे. जीव भांड्यात पडे. मग तपकिरीची चिमूट नाकात जाई, आणि तिच्याबरोबर संशय पुन्हा जागा होई. इलाही जेवायला गेला तेव्हा तेच, नमाजाला गेला तेव्हाही तेच.

वाळूचा मारा झाला. फ्रेम लख्ख होऊन बाहेर आली. पण तिच्यावर पट्टी नव्हती आणि नंबरही नव्हता.

"मला ठाऊकच होतं," शेठजी उखडले. "ही माझी फ्रेमच नव्हे. बदललीस तू."

वाळूच्या ढिगातून इलाहीनं पट्टी शोधून आणली, उलटी केली आणि डिंकाची बाजू डोळ्यांजवळ नेली. त्याला सटासट शिंका आल्या.

डिंकावर तपकिरीचा थर होता. अशी खणखणीत शिंक काढणारी तपकीर पेठेत एकाच दुकानात मिळे.

"मारा करण्याआधी मीही पट्टी बघायला हवी होती," इलाही नाक पुसत म्हणाला. "पण तुम्ही राखणीला बसलेले. मी निर्धास्त होतो."

शेठजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढे फ्रेम भट्टीतून काळीभोर, देखणी होऊन आली. गाडी जोडून शेठजींनी ती आरटीओत पासिंगला नेली. तिथल्या साहेबांनी नंबराच्या जागेवर बोट फिरवलं आणि शेठजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नंबर घासलेला दिसतोय. कुठून उचललीत ही गाडी?"

"साहेब, वडिलांची आहे."

"सगळे असंच सांगतात."

ही नजर शेठजींच्या ओळखीची होती. आजवर ते जगाकडे याच नजरेनं बघत आले होते.

चौकशी सुरू झाली, ती संपेना. गाडी अंगणात स्टँडवर उभी आहे. आण्णा रोज सकाळी धुतलेला सदरा घालून मागच्या सीटवर बसतात आणि विचारतात, "आज निघायचं का रे?"

शेठजी खाली मान घालून गाडी पुसत राहतात.

तात्पर्य: राखणीला संशय बसवला, तर घराची कडी तोच काढतो. खात्री एकदा करून घ्यावी, मग माणसावर विश्वास टाकावा.