पाणी सोड

माणगंगेच्या काठी गोंदेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर महादेवाचे देऊळ, देवळापुढे एक वाकडा लिंब, आणि त्या लिंबाखाली महाराज बसत. ते कोठून आले हे कोणाला ठाऊक नव्हते. महाराज बोलत फार थोडे. दिवसभरात दोन बोल निघाले तरी गाव धन्य होई. म्हणून लोक त्यांना 'दोनबोले महाराज' म्हणत. थोडे बोलणाऱ्या माणसाचे एक असते, त्याच्या प्रत्येक शब्दाला लोक उलटेसुलटे करून पाहतात. महाराजांच्या एका साध्या वाक्यातून गोंदेवाडीचे लोक असे अर्थ काढत की खुद्द महाराजांनी ऐकले असते तर थक्क झाले असते. भाविकहो, त्या खोडीपायी एका माउलीचा जीव कसा टांगणीला लागला आणि महाराजांनी तो कसा सोडवला, ते आता ऐका.

गावाच्या वरच्या अंगाला लोणाऱ्यांची वस्ती होती. चुनखडी भाजून चुना करायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. वस्तीत पहिले घर रावजी लोणाऱ्याचे. रावजी, त्याचा धाकटा भाऊ येसबा, येसबाची बायको बायजा आणि तिची पाच वर्षांची पोरगी हौसा, एवढेच घर. रावजी विधुर होता. त्याचा एकुलता मुलगा सिदू लहानपणीच तापाने गेला होता. तेव्हापासून रावजीने देवाचे नाव टाकले. बायजा महाराजांच्या पायाशी जाऊन बसते याचा त्याला मनस्वी राग. भट्टीवर चार माणसे जमली की तो म्हणे, "आमच्या बायजाचा देव लई म्हागाचा. बोलायलासुदिक परवडत न्हाई त्याला." माणसे हसत आणि बायजा खाली मान घालून खडी फोडत राही. हौसावर मात्र रावजीचा जीव होता. पोरगी जेवायची त्याच्याच ताटात.

त्या वर्षी भाद्रपदात हौसाला ताप भरला. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता तो अंगात घर करून बसला. येसबाने आणि बायजाने तिला गाडीत घालून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी पोरीला नीट तपासले, बोटातले रक्त काढून काचेच्या नळीत भरले आणि सांगितले की हा ताप एक प्रकारचा असेल तर औषध एक, दुसऱ्या प्रकारचा असेल तर दुसरे. रक्त पुण्याला पाठवतो, तिकडून जबाब आला की खरे काय ते कळेल, तोवर पोरीला घरी निजवून ठेवा. पाण्याचे त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांच्याही बोलण्यात ते आले नाही. बायजा पोरीला घेऊन घरी परतली आणि येसबा जबाबाची वाट पाहत तालुक्यालाच राहिला.

घरी येताच रावजीने फर्मान काढले की तापात पोरीला पाणी द्यायचे नाही. त्या काळी घरोघर हीच समजूत होती, त्यामुळे बायजाला त्यात काही वावगे वाटले नाही. ओठ सुकले तर ओला बोळा फिरवायचा, बस्स. पण हौसा पाण्यासाठी तळमळू लागली. घागरीचा आवाज झाला की डोळे उघडायची. बायजाने एकदा वाटी भरून तिच्या तोंडाशी नेली, तर रावजीने ती हातातून काढून घेतली आणि अंगणात ओतून दिली. त्याचा हात थरथरत होता. बायजाला वाटले, रागाने थरथरतो आहे.

जबाब काही येईना. दिवस उजाडे आणि मावळे. बायजाला काही सुचेना. एका सकाळी ती पोरीला शेजारणीपाशी ठेवून देवळाकडे धावली आणि महाराजांपुढे बसून रडू लागली. तिने पाण्याचे काही सांगितले नाही. ते सांगण्यासारखे आहे असेच तिला वाटले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "म्हाराज, पोरीचा ताप हटंना. डाक्टरचा जबाब येईना. म्या काय करू?"

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. म्हणाले, "पाणी सोड."

झाले! बायजा नमस्कार करून उठली खरी, पण देवळाच्या पायरीवर येताच तिचे पाय थांबले. पाणी सोडायचे म्हणजे नेमके काय करायचे? देवळाचा गुरव तेथेच होता, त्याला विचारले. गुरवाने डोळे मिटून विचार केला आणि सांगितले की हा दानाचा संकल्प आहे. हातावर पाणी सोडून आवडती वस्तू ब्राह्मणाला द्यावी. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, किंवा तूच पाणी सोडावेस असेही असेल, म्हणजे निर्जळी उपास. दोन्हींतले कोणते, ते त्याला सांगता येईना.

दान द्यावे तर बायजाकडे देण्यासारखे काही नव्हते. तेव्हा उपासच असणार, असे तिने मनाशी धरले आणि घरी येऊन पाण्याचा थेंबही तोंडात घेईनाशी झाली. रावजीच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा तो भट्टीपाशी उभा होता. तो कडवट हसला.

"अगं येडे," तो म्हणाला, "तुला अजून उमगलं न्हाई व्हय? पोरीवर पाणी सोड म्हणालाय तुझा म्हाराज. आशा सोड म्हणालाय. त्यालाबी ठावं हाय, आपल्या हातात काय न्हाई."

एखाद्या गोष्टीवर पाणी सोडले म्हणजे ती कायमची गेली, असे आपण सगळेच म्हणतो, आणि बायजाच्या मनात हा अर्थ आला नव्हता असेही नाही. आला होता आणि तिने त्याला दाराबाहेर उभे केले होते. रावजीने तो घरात आणून बसवला. आता उपास करावा तर मन म्हणे, काय उपयोग. सोडावा तर म्हणे, महाराजांची आज्ञा मोडलीस. महाराज दयाळू आहेत हे तिला ठाऊक होते. पण दयाळू माणूस आईला असे कसे सांगेल? की दयाळू आहेत म्हणूनच सांगितले असेल? ती पोरीच्या उशाशी बसून याच गोष्टीभोवती फिरत राहिली आणि कोठेच पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लिंबाखाली गेली. तिची जीभ टाळूला चिकटली होती. जेमतेम म्हणाली, "म्हाराज, म्या पाणी सोडलंय."

महाराजांनी तिच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी आपला तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "पी."

ती प्याली. आज्ञाच होती. पण पिता पिता तिच्या ध्यानात आले की मग उपास नव्हता. दान देण्यासारखे घरात काही नाही हे महाराज जाणत होते. मग उरला एकच अर्थ, रावजीने सांगितलेला. तांब्या खाली ठेवून ती घराकडे निघाली. वाटेत तिला रडूही आले नाही.

घरी हौसा निपचित पडली होती. आता ती पाणी मागत नव्हती. डोळे खोल गेले होते, दातखीळ बसली होती, ओला बोळाही ओठांतून आत जाईना. रावजी दाराच्या उंबऱ्यावर बसून होता. त्या दिवशी त्याने कोणाची थट्टा केली नाही. पोरीचा श्वास चालू आहे ना, हे तो पुन्हा पुन्हा आत वळून पाहत होता.

दुपार कलली असेल. वस्तीवरची कुत्री भुंकली आणि बायजाने मान वर केली, तर महाराज अंगणात उभे! लिंबाखालून उठून ते कधी कोणाच्या दारी गेले नव्हते. बायजा पायांवर पडायलाही विसरली. महाराज घरात न येता सरळ भट्टीकडे गेले. तेथे सकाळीच बाहेर काढलेल्या चुनकळीचा, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचा, ढीग पडला होता. महाराज त्याच्याशेजारी मातीत बसले आणि रावजीला खूण करून त्यांनी जवळ बोलावले.

रावजी नाइलाजाने आला. महाराजांनी ढिगाकडे बोट करून विचारले, "हे काय?"

"कळी हाय. भाजल्याली."

"आता?"

"आता काय," रावजी वैतागून म्हणाला, "आता पाणी सोडायचं."

बोलता बोलताच त्याची मान बायजाकडे वळली. बायजा दारात उभी होती. हा शब्द तिने जन्मभर ऐकला होता. भट्टी उतरली की माहेरी बाप म्हणे, पाणी सोडा. सासरी सासरा म्हणे, पाणी सोडा. भाजून दगड झालेल्या कोरड्या कळीवर घागरीने पाणी ओतायचे, एवढाच त्याचा अर्थ. गुरवाला हा अर्थ ठाऊक नसेल, पण लोणाऱ्याच्या घरात दोन दिवस तो कोणाला आठवू नये! महाराज म्हटले की गूढच असणार, या समजुतीने घरातला शब्द घरातल्यांनाच ओळखू आला नव्हता.

महाराजांनी ढिगातला एक मोठा खडा उचलून उजव्या तळहातावर ठेवला आणि बायजाला म्हणाले, "आण पाणी."

"नको!" रावजी ओरडला. "म्हाराज, हात जाईल. हे बघा," म्हणून त्याने आपला डावा हात पुढे केला. त्यावर मनगटापर्यंत जुनी भाजल्याची कातडी होती. ओल्या हाताने कळी धरली की काय होते, ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

महाराज हसले. हात तसाच होता. बायजा घागर घेऊन आली आणि तिने धार धरली. कळी क्षणभर पाणी पीत राहिली. मग सूं सूं आवाज निघाला, खडा तडकला, वाफेचा लोट उठला, तळहातावर चुना रटरट उकळू लागला. रावजीने डोळे झाकून घेतले. बायजा पाहत राहिली. महाराजांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. हळूहळू आवाज थांबला, वाफ विरली आणि खड्याच्या जागी पांढरेशुभ्र मऊ पीठ राहिले. महाराजांनी ते ढिगावर झटकले, हात धुतला आणि तळवा रावजीपुढे धरला. तेथे साधा फोडही नव्हता. रावजीने भीत भीत बोट लावले. तळवा ओल्या माठासारखा गार होता.

"आधी उकळतं," महाराज म्हणाले. "मग निवतं. आता पोरीला दे."

बायजा आत वळली, तर रावजी तिच्यापुढे धावत जाऊन दारात आडवा उभा राहिला. त्याचे दोन्ही हात चौकटीला होते.

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्या सिदूनं असंच पाणी मागितलं हुतं. लई मागितलं. समदी नको म्हणत हुती, पर मला बघवंना. म्या चोरून दिलं. पहाटं गेला त्यो. ह्या हातानं मारला म्या त्याला. हिला न्हाई मारू देणार."

बायजाला हे कधी कोणी सांगितले नव्हते. वाटी ओतताना त्याचा हात का थरथरला ते तिला आत्ता कळले. पण कळून उपयोग काय? एकीकडे जळून पोळलेला बाप, दुसरीकडे महाराजांचा गार तळवा. तिला दोघांचेही खरे वाटत होते. आणि आत पोरीच्या श्वासाची घरघर वाढली होती. शेवटी तिने विचार करणेच सोडले. दिराच्या अंगाला आजवर कधी हात लावला नव्हता, तो तिने त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "भावजी, सरका." रावजी सरकला.

तिने पळीने पाणी ओठांशी धरले. ते गालावरून ओघळून गेले. पुन्हा धरले, पुन्हा ओघळले. महाराज आत आले, पोरीशेजारी बसले आणि त्यांनी आपला तोच तळवा तिच्या हनुवटीखाली धरला. दातखीळ सुटली. पाणी आत गेले आणि गळ्याची घाटी हलली. थोड्या वेळाने हौसा डोळे न उघडताच पुटपुटली, "आनी." तिला आणखी हवे होते.

संध्याकाळी ताप भडकला. पोरीचे अंग तव्यासारखे तापले. रावजी भिंतीला टेकून बसला होता. त्याने बायजाकडे असे पाहिले की तिची पळी हातातच थांबली. पण महाराजांनी आधीच सांगितले होते की आधी उकळते. तिने पळी पुन्हा भरली. अंधार पडता पडता हौसाच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर, आणि पोरगी शांत झोपली. महाराज केव्हा उठून गेले ते कोणी पाहिले नाही.

सकाळी येसबा धापा टाकत आला. पुण्याचा जबाब आला होता. मुदतीचा ताप होता तो. डॉक्टरांनी औषध दिले होते आणि ताकीद केली होती की पाणी उकळून गार करून हवे तेवढे द्या, तोडू नका. अशा तापात माणूस कोरडा पडूनच दगावतो. रावजीने ते ऐकून घेतले आणि भट्टीकडे निघून गेला. दिवसभर त्याने भाकरीला हात लावला नाही.

औषधाने आणि महाराजांच्या कृपेने हौसाचा ताप आपली मुदत पुरी करून उतरला. दिवाळीच्या सुमारास ती चालू लागली, तेव्हा बायजा तिला हाताला धरून दर्शनाला गेली. रावजी त्यांच्या मागून आला. लिंबाखाली पोचल्यावर तो उभाच राहिला. मग जरा रुसल्यासारखा म्हणाला, "म्हाराज, येवढंच हुतं तर सरळ सांगायचं हुतं."

"सरळच सांगितलं होतं," महाराज म्हणाले.

बायजाला हसू आले आणि तिने पदर तोंडाला लावला. रावजी मात्र हसला नाही. तो खाली बसला. त्याला दुसरेच काही विचारायचे होते आणि ते ओठांपर्यंत येऊन परत जात होते. शेवटी तो म्हणाला, "मग माझा सिदू... म्या पाणी दिलं म्हून..."

महाराजांनी त्याचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला.

"त्याचा ताप मोठा होता, रावजी. पाण्यानं तो गेला नाही. त्यानं पाणी मागितलं आणि सगळे नको म्हणत असताना बापानं दिलं. तुझं लेकरू तहानलेलं गेलं नाही."

रावजीने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. कितीतरी वेळ त्याने ते उचलले नाही, आणि महाराजांनीही त्याला ऊठ म्हटले नाही.