धक्क्यावरची गाडी

"मग आनंद गेला कुठं, अक्का?"

रणधीरने विचारलं, रुमालाने पायरी झटकली आणि मगच तो बसला.

गोदाअक्का मठाच्या ओट्यावर घेवडा मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचा?"

"माझा. नवी गाडी घेतली, कोरी करकरीत. तालुक्यात अशी दुसरी नाही. पेढे वाटले, लिंबू-मिरची बांधली. पण दारात आल्यापासून जिवाला नुसता घोर. जवळनं कोंबडी गेली तरी काळजात धस्स होतंय."

"आणि आई कुठाय तुझी? तुझ्यासंगं येणार हुती न्हवं?"

रणधीरने नजर चुकवली.

सीटवरचं प्लास्टिक त्याने अजून काढलं नव्हतं. आईला त्याने चपला पिशवीत घालून, पाय वर उचलून बसायला लावलं होतं. म्हातारी एकदा बसली. पुढच्या खेपेला म्हणाली, "तू हो फुडं लेकरा, मी यष्टीनं येतो." गाडी आली आणि आईच पायउतार झाली, असा सगळा प्रकार.

"एस.टी.नं येतीय," तो पुटपुटला. "तेच खातंय मला, अक्का…"

"येतीय कुठली? तुझ्या आधी आलीय. ती बघ."

मठाच्या बाजूला अक्कांची मोटार उभी होती. गुरांच्या डॉक्टरांकडून जुनीच, मातीमोलाने घेतलेली. तिचा मूळ रंग कोणता यावर गावात दोन तट होते. आताचा मात्र पक्का मळखाऊ. मागचं दार सुतळीने बांधलेलं. खालच्या वाडीत बारशाला निघालेल्या बाया आत दाटीवाटीने बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर घुगऱ्यांचं पातेलं. आणि त्यांच्या मधोमध, चपलांसकट ऐसपैस मांडी घालून, रणधीरची आई पेरू खात होती.

अक्का हात पुसत उठल्या, स्टिअरिंगवर बसल्या. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली.

"अक्का, काढून टाका ही," रणधीर कळवळून म्हणाला. "आम्ही सगळे मिळून नवी घेऊन देतो. मठाला शोभेल अशी."

"नवी मला सांभाळावी लागंल. हिला गाव सांभाळतंय."

त्यांनी खिडकीतून हात काढून दारावर थाप मारली.

"धक्काऽऽ!"

माणसं जणू त्या हाकेचीच वाट बघत होती. पारावरचे म्हातारे उठले. गिरणीवाला पिठाने माखलेल्या अंगाने धावत आला. देवळाचा पुजारी सोवळं सावरत आला आणि म्हणाला, "सरका, सरका, उजवा कोपरा माझा!" त्या कोपऱ्यावरून गिरणीवाल्याचं आणि त्याचं थोडं वाजलंसुद्धा.

रणधीर बाजूला उभा राहिला. अंगात पांढराशुभ्र शर्ट.

"बघतोस काय रं? लाव हात!" अक्का ओरडल्या.

गुरुआज्ञा. त्याने दोन बोटं टेकवली. गाडी हलली तशी पंजा टेकवला. मग खांदा लावला. चाकाखालचा चिखल उडाला तो थेट त्याच्या छातीवर.

आतून आईचा आवाज आला, "जोर लाव की रं! जेवला न्हाईस व्हय?"

बाया खिदळल्या. म्हातारे खोकेपर्यंत हसले. आणि रणधीरला जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसत राहिला आणि हसत हसत ढकलत राहिला. आई अशी चिडवायची तो लहान असताना. किती दिवसांत तिने त्याला चिडवलंच नव्हतं!

उताराला गाडी धडधडली. काळा धूर सोडून चालू झाली. माणसांनी टाळ्या पिटल्या.

रणधीर धापा टाकत खिडकीशी धावला. तोंड लालबुंद, शर्टाचा पार बट्ट्याबोळ.

"लई मजा आली, अक्का! बारशाहून आईला मी नेणार. माझ्या गाडीतनं. चपलांसकट!"

आईने पेरू खाताखाता त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

अक्कांनी मान डोलावली.

तेवढ्यात त्याने हात जोडले, खिडकीपाशी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "फक्त एक आशीर्वाद द्या… माझ्या गाडीला कधी कुणाचा धक्का लागू नये."

अक्का त्याच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघत राहिल्या…

"आत्ता कुठं हसलास रं बाळा… लगीच शाप कशाला मागतोस?"