शेंड्यावरची पाळी

डोंगरावर अजून पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या जाळीत सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. बाकीचे खाली किडे टिपत असताना एकाने झाडाच्या शेंड्यावर बसून राखण करायची, अशी पाळी ठरलेली. पुढे पाळ्या चुकू लागल्या. एके दिवशी रानमांजराने पिंगीची दोन्ही पिल्लं नेली.

तेव्हा शिक्रा हा शिकारी पक्षी आला. "राखण मी करतो. तुम्ही मात्र कुणी आवाज काढायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मांजर दिसेनासं झालं. महिन्याभरात शिक्र्यानेच तिघांना खाल्लं, तरी सगळे गप्प.

भुरकी तेवढी, शिक्रा दूर गेला की, रोज सगळ्यांवर ओरडायची, "अकलेचे कांदे आहात नुसते!" हळूहळू तिच्याजवळ कुणी बसेना. शेवटी ती पिंगीकडे गेली आणि पहिल्यांदाच तिने विचारलं, "तू का गं मान डोलावलीस?"

"मांजर आलं तेव्हा शेंडा रिकामा होता," पिंगी म्हणाली. "पाळी तुझी होती."

भुरकी उडाली आणि शेंड्यावर, शिक्र्याच्या शेजारीच जाऊन बसली. ऊन तापलं, घसा सुकला, तरी हलली नाही. तिसऱ्या दिवशी जाळीत मांजर दिसताच ती जिवाच्या आकांताने ओरडली. शिक्रा तिच्यावर झेपावला.

खालून पहिला आवाज उठला तो पिंगीचा.