अर्ध्या आट्याची ढील

एकदा एका गावात, म्हणजे रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आणि त्याच्याभोवती वाढलेली वस्ती एवढेच ज्याचे गावपण, तिथे एक वृद्ध कारागीर राहत असे. नाव वामनराव कडूसकर. पण सारे गाव त्यांना मिस्त्री म्हणे. पस्तीस वर्षे त्यांनी कारखान्यात डब्यांखालच्या चाकांचे काम केले होते. निवृत्तीनंतर हातांना स्वस्थता मानवेना, म्हणून ते घरच्या ओसरीवर रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवू लागले. प्रवासी डबे, मालाच्या वाघिणी, पाण्याच्या टाक्या. सुट्या भागांचा संच आणायचा, पत्र्याच्या चौकटीतून एकेक भाग कापून काढायचा, कानशीने कड साफ करायची, जोडायचे, रंगवायचे. पाहता पाहता पाच-सहा प्रौढ शिष्य जमले. दर रविवारी सकाळी ओसरीवर शाळा भरू लागली.

त्यांतला एक शिष्य मुकुंद पाटसकर. भूमापनाच्या कचेरीत तो नकाशे तपासण्याचे काम करी. वीस वर्षे दुसऱ्यांनी घेतलेली मापे पुन्हा मोजायची आणि चूक पकडायची, हाच त्याचा व्यवसाय. असे काम माणसाला दक्ष करते. परंतु दक्षतेच्या मागोमाग आणखीही काही मनात शिरते आणि ते शिरल्याचे पुष्कळदा कळत नाही. घराला कुलूप लावून जिना उतरल्यावर मुकुंद पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून पाहत असे. लोक याला काटेकोरपणा म्हणत. तोही तेच म्हणे.

त्याने एक जुन्या धाटणीचा लाल प्रवासी डबा करायला घेतला. चार महिने खपला. केसाएवढ्या तारेचे दांडे वाकवून दारांशी बसवले, छताला पंखे लावले, खिडक्यांना गज घातले, एका बाकावर तर वर्तमानपत्र वाचणारा प्रवासीही बसवला. डबा सुरेख झाला. वाचनालयाच्या सभागृहात लवकरच प्रदर्शन होते. तिथे मोठा रूळमार्ग मांडला जाणार होता. जो डबा न घसरता दहा फेऱ्या पूर्ण करील, तो तिथे धावणाऱ्या गावाच्या छोट्या गाडीला जोडला जाणार होता. आपला डबा त्या गाडीत असावा, ही मुकुंदची फार दिवसांची इच्छा.

रंग वाळावा म्हणून सर्वांचे डबे आठवडाभर मिस्त्रींच्याच फळीवर राहत. एका रविवारी मुकुंदने आपला डबा उलटा करून पाहिला. डब्याच्या दोन्ही टोकांखाली चार-चार चाकांची एकेक छोटी गाडी असते. कारखान्यातली माणसे तिला ट्रॉली म्हणतात. त्यांतल्या एका ट्रॉलीचा स्क्रू सैल होता. फार नाही, अर्धा आटा. त्याने तो घट्ट केला. पुढच्या रविवारी पाहिले, तर पुन्हा अर्धा आटा सैल. पुन्हा घट्ट केला. तिसऱ्या रविवारी तेच.

आता मुकुंदमधला तपासनीस जागा झाला. कुणाला काही न बोलता त्याने स्क्रूच्या माथ्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली. कुणी स्क्रू फिरवला, तर रेघ तुटलेली दिसणार.

आठवड्याने रेघ तुटलेली दिसली.

कुणाचा हात असेल हा? मुकुंदने ओसरीवर नजर फिरवली आणि ती यशवंत सातोसेंवर थांबली. सातोसे घड्याळे दुरुस्त करीत. इतका बारीक स्क्रू फिरवणारा पेचकस मुकुंदखेरीज त्यांच्याच पेटीत होता. दुकान उघडायचे म्हणून रविवारी ते सर्वांच्या आधी येत आणि लवकर जात. प्रदर्शनासाठी त्यांचाही डबा तयार होत होता. एकदा हा धागा हाती लागल्यावर सगळेच त्यात ओवले जाऊ लागले. "कसा आहे तुमचा डबा?" असे सातोसेंनी हसून विचारले, तर मुकुंदला वाटे, हे हसणे कशाचे? विचारले नाही, तर वाटे, आज गप्प का? सातोसेंनी आपणहून डिंकाची बाटली पुढे केली, तर त्यातही त्याला काही डाव दिसे. त्याने आपली बसायची जागा बदलली. निघताना डबा फळीवर मागे, इतरांच्या आड ठेवू लागला. दर रविवारी स्क्रू पिळून रेघ पुन्हा जुळवी. तरीही स्क्रू सैल होतच राहिला.

एके रविवारी मिस्त्री सभागृह पाहायला गेले होते. मुकुंदने डबा उलटा केला, रेघ पाहिली आणि तो उठून उभाच राहिला.

"सातोसे, जरा इकडे या. हा स्क्रू बघा."

सातोसेंनी वाकून पाहिले. "सैल झालाय थोडा. देऊ का पिळून?"

"झालेला नाही, केलेला आहे. आणि एवढा बारीक पेचकस इथे माझ्याखेरीज एकाच माणसाकडे आहे."

ओसरीवर कानशींचा आवाज थांबला. सातोसेंना पहिल्यांदा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"पाटसकर, माझ्या दुकानात लोक वडिलांच्या आठवणीची घड्याळं ठेवून जातात. मी कशाला तुमच्या डब्याला हात लावीन?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

सातोसेंनी आपली हत्यारे एकेक करून पेटीत ठेवली, चपला घातल्या आणि ते गेले. आपला अर्धवट डबा न्यायचे भानही त्यांना राहिले नाही. बाकीचे खाली मान घालून कामाला लागले. मुकुंदला मात्र त्या दिवशी हलके हलके वाटले.

पुढच्या रविवारी सातोसे आले नाहीत. मिस्त्रींनी विचारले, "सातोसे का नाही आले? बरं नाही की काय त्यांना?" सगळे कानशी चालवत राहिले. मुकुंदने डबा उलटा केला.

रेघ तुटलेली होती.

शहाणा मनुष्य इथेच थांबला असता. परंतु संशयाला एक आसरा मोडला की तो दुसरा शोधतो. मुकुंद विचार करू लागला, मिस्त्रींची सून फळी पुसते, ती असेल? की सातोसेच आठवड्यात येऊन गेले? बुधवारी त्याने कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि भर दुपारी तो मिस्त्रींच्या घराशी आला. दार न वाजवता खिडकीतून त्याने आत पाहिले.

मिस्त्री चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. मांडीवर लाल डबा उलटा होता आणि हातात पेचकस.

मुकुंद दार ढकलून उंबऱ्यातूनच ओरडला, "मिस्त्री, तुम्ही?"

मिस्त्री दचकले नाहीत. "मीच. ये, आत ये. आलासच तर बस."

"चार महिने जीव ओतला मी त्यात! आणि तुम्ही गुरू असून..."

"बस म्हटलं ना."

त्यांनी ओसरीतला चाचणीचा रूळ मांडला. स्क्रू स्वतःच्या हाताने घट्ट आवळला आणि डबा इंजिनाला जोडला. सरळ रुळावर डबा डौलात गेला. वळणावर, जिथे रुळाचा सांधा किंचित वर आला होता, तिथे त्याचे एक चाक उचलले गेले आणि डबा आडवा झाला. मिस्त्रींनी तो उचलला, तोच स्क्रू अर्धा आटा सैल केला आणि पुन्हा जोडला. डबा वळणाशी आला, सांध्यावर ट्रॉली जराशी कलली, रुळाला धरून राहिली आणि पुढे गेली. दुसरी फेरी, तिसरी, चौथी. मुकुंद पाहत राहिला.

मग मिस्त्री म्हणाले, "टेबल सपाट असतं, रूळ सपाट नसतो. एक टोक घट्ट हवं, ते डब्याला उभं ठेवतं. दुसऱ्या टोकाला कलायला जागा हवी, म्हणजे आठही चाकं रुळावर टेकतात. ही जागा चुकून राहिलेली नसते बाबा, ठेवलेली असते. सैल दिसलं की तुला त्यात कुणाचा तरी वैरभाव दिसतो. कधी तो हात तुझं भलं करणाऱ्याचाही असतो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ढिलं काम मला खपत नाही, असं म्हणालास आणि माझ्या देखत पिळलास. मग मी मनाशी धरून चाललो, की हा काही ऐकायचा नाही. प्रदर्शनात तुझी फजिती होऊ नये म्हणून मागून सैल करत राहिलो. पण शिष्यावर भरवसा न ठेवता त्याच्या पाठीमागे हात चालवायचा, हा संशयच की! तुझा बोलका, माझा मुका. चुकलं माझं."

मुकुंद खाली बसला. मग त्याने सातोसेंबरोबर काय घडले ते सांगितले. काही लपवले नाही.

मिस्त्रींचा चेहरा पालटला. स्वतःच्या चुकीवर ते शांतपणे बोलले होते, ती शांती आता दिसेना. त्यांनी चालते इंजिन बंद केले आणि खुंटीवरची टोपी घेतली.

"चल. दोघंही जाऊ."

बाजारपेठेत सातोसेंचे दुकान होते. एका डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात डोकावत होते. दोघांना पाहून त्यांनी भिंग काढले, पण 'या' म्हटले नाही. मुकुंद उभ्यानेच बोलला. "सातोसे, तुमचा काही संबंध नव्हता. मी चुकलो. सगळ्यांसमोर बोललो, तर येत्या रविवारी सगळ्यांसमोर माफी मागेन. पण आधी इथे मागतो."

"आणि तो हात माझा होता," मिस्त्री म्हणाले. "मी उघडपणे केलं असतं, तर तुमच्यावर हे आलं नसतं."

सातोसेंनी घड्याळ काचेखाली झाकून ठेवले. "मिस्त्री, माझं काय झालं सांगू? त्या दिवशी घरी जाऊन मी माझीच हत्यारं तपासली. पेचकसाला लाल रंग लागलाय का पाहिलं. मलाच वाटायला लागलं, आपण सगळ्यांच्या आधी येतो, चुकून आपला हात तर लागला नसेल? तीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडतोय. या आठवड्यात पहिल्यांदा घड्याळ उघडायला मी कचरलो."

मुकुंदने मान खाली घातली. आपण आरोप एकदाच केला होता. हा मनुष्य तो रोज स्वतःवर करीत होता.

"याल ना रविवारी?" मिस्त्रींनी विचारले.

"सांगत नाही," सातोसे म्हणाले आणि त्यांनी पुन्हा भिंग लावले.

रविवारी मुकुंदने सर्वांसमोर माफी मागितली. सातोसे ऐकायला नव्हते. प्रदर्शन झाले. लाल डब्याने दहा फेऱ्या पूर्ण केल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो गावाच्या गाडीला जोडला गेला. मुकुंदला जेवढा वाटायला हवा होता तेवढा आनंद काही वाटला नाही.

त्यानंतर तिसऱ्या रविवारी सातोसे आले. सर्वांच्या आधी नव्हे, सर्वांच्या नंतर. ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि फळीवरचा आपला अर्धवट डबा घेऊन काम करू लागले. मुकुंदला पुष्कळ बोलावेसे वाटले. क्षमा केलीत का, हे विचारावे, असे ओठांपर्यंत आले. पण आता विचारणे म्हणजे पुन्हा त्यांची तपासणीच करणे, हे त्याला उमजले. तो गप्प राहून आपले काम करीत राहिला. मिस्त्रींनी एकदा दोघांकडे पाहिले आणि पुन्हा आपल्या कामात डोके घातले.

संशय घेणाऱ्याचा संशय पुरावा मिळताच फिटतो. ज्याच्यावर घेतला, त्याच्या मनातून तो ज्याच्या त्याच्या सवडीने जातो, आणि तोवर थांबणे हेच खरे प्रायश्चित्त.